नांगर कशाने धरतो ?

मराठी भाषेने शेतकऱ्याच्या औताला आणि खलाशाच्या साधनाला एकच नाव दिले आहे. शेत नांगरतात, तसे जहाजही नांगरतात. शेतातला नांगर हा संस्कृत 'लाङ्गल' शब्दाचा वंशज होय, हे सर्वश्रुत आहे. जहाजाच्या नांगराचे नाते मात्र फारसी 'लंगर' शब्दाशी लावतात. निराळ्या घराण्यांतील हे दोन शब्द मराठीत एकाच नावाने कसे नांदू लागले, हा वाद व्युत्पत्तिकारांवर सोपवून मी आज वाचकांपुढे निराळीच गोष्ट ठेवणार आहे. ती अंशतः नांगराची आहे आणि अंशतः माझ्या स्वतःच्या एका चुकीची आहे. चूक लहान नव्हे. तेहतीस वर्षे मी शाळेत मुलांना शिकवीत आलो की, नांगर जड असतो, म्हणून तो जहाजाला धरून ठेवतो. आणि तेहतीस वर्षे फळ्यावर नांगराचे जे चित्र काढीत आलो, तसा नांगर जगातील कोणत्याही जहाजाला धरू शकला नसता.

हे मला कळले ते सेवानिवृत्तीनंतर, आणि तेही एका बोटभर प्रतिकृतीमुळे.

माझ्या धाकट्या बंधूंचा नातू चौदा वर्षांचा आहे. त्याला जहाजांचे वेड. गेल्या दिवाळीच्या सुटीत त्याने 'व्हिक्टरी' या प्रसिद्ध इंग्रजी युद्धनौकेची प्रतिकृती करावयास घेतली. ही नौका १७६५ साली चॅथम येथील गोदीतून पाण्यात उतरली. १८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईत ॲडमिरल नेल्सन तिच्यावरच धारातीर्थी पडला. आणि आजही ती पोर्ट्स्मथ येथे जतन करून ठेवलेली आहे. नातवाचे प्रमाण एकास शंभर, म्हणजे मूळ नौकेचे शंभर हात ते प्रतिकृतीत एक हात. सांगाडा, डोलकाठ्या, शिडे ही सर्व त्याने स्वतः केली. नांगर मात्र आजोबांनी करावेत, असे घरात सर्वानुमते ठरले. मीही ते काम मोठ्या हौसेने अंगावर घेतले. शिसे वितळवून मातीच्या साच्यात ओतले. सोनाराकडून पितळेची नाजूक साखळी करवून आणली. आणि नांगर नौकेच्या अंगाला चपटा टेकून शोभेसा दिसावा, म्हणून त्याचा आडवा दांडा खालच्या दोन बाहूंच्याच पातळीत बसवून टाकला. नौका माजघरातील फडताळावर विराजमान झाली. येणारे-जाणारे कौतुक करीत आणि मीही ते मुकाट्याने स्वीकारीत असे.

एके दिवशी शेजारच्या वाडीतील एक वृद्ध तांडेल माझ्याकडून अर्ज लिहून घेण्याकरिता आले. उभा जन्म त्यांनी समुद्रावर काढलेला. अर्ज होईपर्यंत ते फडताळाजवळ उभे राहून नौका न्याहाळीत होते. मग त्यांनी तो शिशाचा नांगर हलकेच तळहातावर घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि हसून म्हणाले, "मास्तरानू, ह्यो नांगर निजतलो. धरूचो नाय."

मी विचारले, "का बरे ?" तेव्हा त्यांनी उजव्या हाताचा पंजा टेबलावर पालथा पसरला, डावा पंजा त्यावर काटकोनात उभा केला, आणि पुन्हा अर्जाकडे वळले. तोंडाने अधिक काही बोलले नाहीत. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

जुन्या पद्धतीच्या नांगराची रचना सांगावयाची तर ती अशी. मधला लांब दांडा. त्याच्या खालच्या टोकास दोन्ही बाजूंना वर वळलेले दोन बाहू. प्रत्येक बाहूच्या टोकाशी पसरट पाते, त्यास आपण शेतकऱ्याच्या भाषेत फाळ म्हणू. दांड्याच्या वरच्या टोकास दोर बांधण्याची कडी. आणि कडीच्या लगत खाली एक लांब आडदांडा. हा आडदांडा बाहूंच्या पातळीत नसतो. तो बाहूंशी काटकोन करून असतो. एक फाटा पूर्वपश्चिम असेल तर दुसरा दक्षिणोत्तर, अशी ही मांडणी होय.

आता पाहा, हा काटकोन काय करतो. नांगर समुद्रतळाशी पोचला की, तो प्रथम आडवा पडतो, बाहू जमिनीवर निजलेले आणि आडदांड्याचे एक टोक खाली टेकलेले. जहाज वाऱ्याने मागे सरते, दोर ताणला जातो, आणि नांगर ओढला जाऊ लागतो. आडदांडा बाहूंच्या पसाऱ्याहून लांब असल्यामुळे त्याला एका टोकावर उभे राहणे साधत नाही. तो कलंडून तळावर सपाट निजतो. तो निजला, की त्याच्याशी काटकोनात असलेले बाहू आपोआप उभे होतात. एक फाळ वर आणि एक खाली. खालचा फाळ मातीत शिरतो, आणि जहाज जितके ओढील तितका तो अधिक खोल जातो. एकाने निजावे म्हणून दुसरा उभा राहतो, असा हा व्यवहार आहे. माझ्या प्रतिकृतीत आणि माझ्या फळ्यावरील चित्रात दोघेही एकाच पातळीत असल्यामुळे दोघेही निजत; फाळ जमिनीवरून घसरत जाई. तांडेलांनी एका वाक्यात जे सांगितले ते हेच.

दुसऱ्या दिवशी लोहाराकडून वीतभर लांबीचे दोन लोखंडी नांगर करवून घेतले, एक माझ्या चित्राबरहुकूम आणि एक तांडेलांच्या हाताबरहुकूम. परसातील घंगाळात ओली वाळू भरून वर पाणी सोडले आणि नातवाच्या हाती दोन्हींच्या दोऱ्या दिल्या. माझा नांगर वाळूवर दोन रेघा ओढीत सुखाने किनाऱ्याला आला. दुसरा चार बोटे सरकला, कलंडला, आणि रुतून बसला. वजनाने दोघेही सारखे होते. तेहतीस वर्षांच्या शिकवणीचा निकाल लागण्यास पाव मिनिटही लागले नाही.

चूक झाली कशी, याचा विचार करता मला वाटते, दोष कागदाचा आहे. कागदाला लांबी आणि रुंदी असते, खोली नसते. चित्रकार आडदांडा खरा काढू गेला तर तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत घुसणारा, म्हणजे चित्रात एक ठिपकाच दिसेल. म्हणून तो त्यास वळवून बाहूंच्या पातळीत आणून ठेवतो. गणवेशावरील बिल्ले, बटणे, नाणी, मानचिन्हे, सर्वत्र नांगर असाच चपटा असतो. मी ते चित्र पाहून शिकलो आणि तेच चित्र पुढे दिले. अंधाने अंधाला हात धरून न्यावे, तसे झाले.

यानंतर मी नांगराचा इतिहास वाचावयास घेतला. त्यात मला जे आढळले ते असे की, 'वजन की आकार' हा प्रश्न माझ्यापुरता नव्हता. मनुष्यजातीला तो सोडविण्यास हजारो वर्षे लागली.

आरंभी नांगर म्हणजे भोक पाडलेला दगड. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरून येथे इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेले एक व्यापारी गलबत १९८२ साली सापडले. १९८४ ते १९९४ पर्यंत पाणबुड्यांनी त्याचे उत्खनन केले. तांब्याच्या लाद्या, कथील, काच, हस्तिदंत अशा बहुमोल मालाबरोबर त्यात दगडी नांगर होते, ते एकदोन नव्हेत, चांगले २४. एकाच गलबतावर इतके नांगर कशाला ? कारण दगड केवळ वजनाने धरतो, आणि वजनाने धरणारा पुष्कळदा दगा देतो. खडकात अडकला तर दोर कापून सोडून द्यावा लागतो, आणि वाळूवर घसरला तर आणखी एक टाकावा लागतो. शिवाय पाण्यात वस्तूचे वजन घटते, हे आपण आर्किमिडीजच्या सिद्धांतात शिकतोच. हवेत १०० किलो भरणारा कठीण दगड समुद्राच्या पाण्यात सुमारे ६० किलोच उरतो. तेवढ्याच वजनाचे लोखंड सुमारे ८७ किलो राहते. म्हणजे दगडाचे बळ नेमके ज्या ठिकाणी हवे, त्याच ठिकाणी ते कमी पडते.

म्हणून पुढे दगडाला दात फुटले. खालच्या बाजूस आणखी भोके पाडून त्यांत लाकडी मेखा बसविल्या, म्हणजे वजन दगडाने द्यावे आणि पकड मेखांनी घ्यावी. द्वारकेच्या समुद्रात पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० नंतरच्या दशकात जे शोधकार्य झाले, त्यात तीन भोकांचे त्रिकोणी दगडी नांगर विपुल मिळाले. आपल्या सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग या जलदुर्गांच्या परिसरातही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दगडी नांगर नोंदविले आहेत. यांतील एक जात मला विशेष वाटते. हिला अभ्यासक 'इंडो-अरब' नांगर म्हणतात. इराणच्या सिराफ बंदरापासून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत आणि आपल्या किनाऱ्यावर सर्वत्र तिचे नमुने सापडतात. त्यांचा काळ मध्ययुगीन होय. उंच, चौकोनी, वर निमुळता होत जाणारा असा तो दगडी खांब. शेंड्याशी दोराकरिता एक वाटोळे भोक. आणि बुडाशी दोन चौकोनी भोके, एक पूर्वपश्चिम आरपार आणि दुसरे थोडे वर, दक्षिणोत्तर आरपार. या भोकांतून लाकडी मेखा घातल्या की चार दिशांना चार दात होतात. नांगर कोणत्याही अंगावर पडो, खाली दात असणारच. येथे पुन्हा तोच काटकोन ! आमच्या तांडेलांच्या होडीवर चार फाळांचा लहान लोखंडी नांगर असतो. त्याला आडदांड्याची गरज पडत नाही, ती याच कारणामुळे.

भूमध्य समुद्रातील ग्रीक आणि रोमन लोक निराळ्या वाटेने गेले. त्यांनी लाकडाचा आकडीदार नांगर केला. पण लाकूड तरंगते, म्हणून त्याचा आडदांडा शिशाचा ओतला. समुद्रतळी लाकूड कुजून गेले आणि शिशाचे आडदांडे तेवढे शिल्लक राहिले. माल्टा बेटावरील संग्रहालयात असा एक आडदांडा आहे, तो सुमारे चार टनांचा आहे. ग्रीक आणि रोमन खलाशी जहाजावरील सर्वांत मोठा राखीव नांगर 'पवित्र' मानीत. तो शेवटच्या संकटातच टाकावयाचा. आपणही अखेरच्या आधारास 'आता देवच तारील' म्हणतो, त्यातलाच हा भाव.

रोमजवळ नेमी नावाचे सरोवर आहे. इसवी सन ३७ ते ४१ या काळात राज्य करणाऱ्या कॅलिगुला बादशहाने त्यात दोन प्रचंड विलासनौका बांधविल्या होत्या. १९२८ ते १९३२ च्या दरम्यान सरोवराचे पाणी पंपांनी उतरवून त्या बाहेर काढल्या. त्यांच्याबरोबर दोन नांगर मिळाले. एक शिशाच्या आडदांड्याचा लाकडी नांगर अपेक्षेप्रमाणेच होता; दुसरा लोखंडाचा होता आणि त्याने विद्वानांस चकित केले. त्याचा आडदांडा काढता-घालता येत होता, म्हणजे काम झाल्यावर तो काढून नांगर सपाट ठेवावा. काढघालीचा लोखंडी आडदांडा ब्रिटिश नौदलाने एकोणिसाव्या शतकात रूढ केला आणि सर्वांनी ती नवी सुधारणा मानली. ती तर अठराशे वर्षांपूर्वीची निघाली! त्या नांगरावर त्याचे वजनही कोरलेले होते, १२७५ रोमन पौंड, म्हणजे सुमारे ४१७ किलो. मधल्या शतकांत ही युक्ती लोक विसरले. कोणी जाणूनबुजून टाकून दिली नसेल. शिकविणाऱ्याने शिकविली नाही, एवढेच. हे वाचताना माझ्या मनात काय आले असेल, हे शिक्षकबंधू जाणतील.

दुसरे एक दुःख यापुढचे आहे. त्या दोन्ही नौका १९४४ सालच्या मे महिन्याच्या अखेरच्या दिवशी, महायुद्धाच्या धामधुमीत, संग्रहालयातच जळून खाक झाल्या. आज तेथे जाणारास एकास पाच प्रमाणाच्या प्रतिकृती पाहावयास मिळतात. मूळ वस्तू नाहीशी झाली म्हणजे प्रतिकृतीच साक्षीदार उरते. चीनमधील ग्वांगझू शहरी हान राजवटीच्या काळातील एका थडग्यात भाजलेल्या मातीची एक नाव मिळाली आहे. तिच्या नाळेशी नांगर लोंबतो आहे आणि मागे सुकाणू आहे. ती ज्याची नक्कल, ते लाकडी जहाज कधीच मातीत मिळाले. कुंभाराने केलेले ते खेळण्यासारखे जहाज आज सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी नौकाशास्त्राची साक्ष देते. त्या कुंभाराने शोभेकरिता काही भलतेच केले असते, तर इतिहास भलताच लिहिला गेला असता. तेव्हापासून माझ्या फडताळावरील नांगराकडे मला 'खेळण्यातला' म्हणून पाहता येईना.

म्हणून मी नव्याने हिशेब मांडला आणि माझ्या नांगरात एक नव्हे, तीन चुका सापडल्या. पहिली आडदांड्याची, ती सांगितलीच.

दुसरी मापाची. 'व्हिक्टरी'च्या सर्वांत मोठ्या नांगराचे वजन सुमारे साडेचार टन. प्रमाण एकास शंभर म्हटल्यावर वजनही शंभरावा भाग, म्हणजे ४५ किलो होईल असे घरातील काही मंडळींस वाटले. पण लांबी, रुंदी आणि जाडी ही तिन्ही शंभरपटीने घटतात, म्हणून वजन शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा लक्ष पटीने घटते. साडेचार टनांचे उरतात अवघे साडेचार ग्रॅम ! माझा नांगर सोनाराच्या काट्यावर घातला, तो बावीस ग्रॅम भरला, म्हणजे जवळजवळ दोन तोळे. मोजून पाहता त्याची लांबी हवी त्याच्या दीडपट निघाली. दीडाचा घन सुमारे ३.४, आणि शिसे लोखंडाच्या जवळजवळ दीडपट जड. हिशेब बरोबर जुळला. भाताच्या एका शितावरून हंडीची परीक्षा करावी, हा स्थालीपुलाकन्याय प्रतिकृतीस सर्वस्वी लागू पडत नाही, तो यामुळे. आकाराची परीक्षा लहानावरून होते, बळाची होत नाही. घंगाळातील प्रयोगाने नांगर कलंडतो कसा हे दाखविले. मोठा नांगर किती ओझे धरील हे त्यावरून सांगता येत नाही, कारण प्रतिकृतीबरोबर वाळूचे कण काही लहान होत नाहीत.

तिसरी चूक साखळीची. १८०५ साली 'व्हिक्टरी'च्या नांगरास साखळी नव्हतीच. साखळीचा प्रसार सॅम्युएल ब्राउन या नौदल-अधिकाऱ्याने १८०८ च्या सुमारास केलेल्या खटपटीपासून झाला. तत्पूर्वी वाखाचा जाड दोर असे, ज्याचा घेर जवळजवळ दोन फूट. इतका जाड दोर उभ्या रहाटाभोवती गुंडाळता येत नसे. म्हणून रहाटावर एक बारीक अखंड दोर फिरवीत आणि मोठा दोर त्यास जागोजागी दोऱ्यांनी बांधून ओढून घेत. हे बांधण्या-सोडण्याचे काम चपळ पोरांकडे असे, आणि रहाट फिरविण्यास शंभराहून अधिक माणसे लागत.

त्या दोराची वीण ऐकून आमच्या घरी मोठी गंमत झाली. प्रथम तीन पदर उजव्या पिळाने वळून एक दोर करावयाचा. मग असे तीन दोर उलट, डाव्या पिळाने एकत्र वळावयाचे. एकंदर नऊ पदर. आमच्या वहिनी हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो भाऊजी, मग हे जानवेच झाले की !" खरेच आहे. यज्ञोपवीताचेही नऊ तंतू तीन-तीन मिळून वळतात आणि पुढचा पीळ उलट देतात. उलट पिळामुळे एक पीळ दुसऱ्यास उकलू देत नाही, हे तत्त्व दोहोंकडे एकच. पोर्ट्स्मथच्या दोरवाल्याने आपले जानवे पाहिले होते, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. एकाच अडचणीतून दोन शहाणी माणसे एकाच उत्तराला पोचतात, एवढेच यातून घ्यावे. वहिनींनी टकळीवर सूत काढून दोन मिलिमीटर जाडीचा, नऊ पदरी, डाव्या पिळाचा दोर वळून दिला, आणि नातवाने भिंगातून पाहून तो पास केला.

आडदांडा या वेळी लाकडाचा केला. मूळ जहाजावर तो ओक लाकडाचे दोन तुकडे जोडून करीत; लांबी दांड्याएवढी; टोकांकडे निमुळता; आणि मध्यभागी दोन तुकड्यांत मुद्दाम बारीक फट ठेवून वर लोखंडी पट्ट्या ठोकीत. लाकूड वाळून आकसले की पट्ट्या मध्याकडे ठोकून पुन्हा घट्ट करता याव्यात, ही त्या फटीची सोय. विकत मिळणाऱ्या प्रतिकृतींत ही फट पुष्कळदा नसते. कडीला दोर घासून झिजू नये म्हणून तिच्याभोवती डांबरलेली दोरी गुंडाळीत. तीही आम्ही काळपट सुताने गुंडाळली. बाहू सरळ ठेवले, गोल वळविले नाहीत, कारण गोल बाहू पुढच्या काळातले.

त्या गोल बाहूंची कथा येथे सांगितली पाहिजे, कारण तिचा नायक कोणी लोहार नव्हता. प्लिमथच्या गोदीतील रिचर्ड पेरिंग नामक एक कारकून. मोठे नांगर ऐन वादळात मोडतात आणि जहाजे माणसांसकट खडकांवर जातात, हे पाहून त्याने मोडलेल्या नांगरांची अंतरंगे तपासली. मोठा दांडा पुष्कळ लोखंडी सळया एकत्र तापवून, ठोकून करीत. बाहेरून तो एकजीव दिसे; पण घणाचा मार आतपर्यंत पोचत नसे आणि मधल्या सळया सुट्याच राहात. नांगर जितका जाड, तितका आतून कच्चा ! अधिक वजन म्हणजे अधिक बळ, ही समजूत येथेही खोटी ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याने जोडण्याची सुधारलेली रीत आणि वळलेले बाहू सुचविले, आणि १८१९ साली नांगरावर स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध केला.

पुढे साखळी आली आणि तिने आणखी एक गोष्ट शिकविली. नांगरावरील ओढ जमिनीला समांतर असली तर फाळ खोल जातो. ओढ वरच्या दिशेने झाली तर तोच फाळ उपटला जातो. म्हणूनच पाणी दहा वाव खोल असेल तर साठ-सत्तर वाव दोर सोडावा लागतो. साखळीचा तळाकडील भाग स्वतःच्या भाराने जमिनीवर निजून राहतो आणि ओढ आडवी ठेवतो. आजच्या मोठ्या आगबोटींच्या नांगराला आडदांडा नसतो. त्याचे बाहू बिजागरीने दोन्ही एकाच बाजूस वळून मातीत शिरतात आणि नांगर थेट नाळेतील भोकात ओढून घेता येतो. वजनाच्या मानाने त्याची पकड जुन्या नांगराहून कमीच. सोयीकरिता ती किंमत मोजलेली आहे, आणि उरलेली भर साखळी घालते.

शेवटची गोष्ट केंब्रिजचे विख्यात भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांची. त्यांना शिडाच्या होडीचा नाद होता. नांगर एवढा जड का असावा, या प्रश्नाचा त्यांनी गणिताने विचार केला आणि १९३३ साली एक नवा नांगर काढला. त्याचे नाव 'सीक्यूआर'; ही अक्षरे भरभर उच्चारली तर इंग्रजीतील 'सुरक्षित' या अर्थाचा शब्द ऐकू येतो. वजनाने हलका, पण पकडीने आपल्या वजनाच्या कितीतरी पट. त्याचा आकार कशाचा घेतला होता, हे सांगितले तर वाचकांस नवल वाटेल : शेतकऱ्याच्या नांगराचा ! दोन्ही बाजूंस माती सारणाऱ्या फाळाचा. इंग्रज खलाशी त्यास 'प्लाऊ', म्हणजे शेताचा नांगर, असेच म्हणतात. व्युत्पत्तिकारांचा निकाल काहीही लागो. दोन्ही नांगर एकाच रीतीने जमिनीत शिरतात, हे त्या पाश्चात्त्य पंडितास गणिताने आणि आमच्या तांडेलांस हाताने ठाऊक होते. मला मात्र दोन्ही अर्थांचा शब्द रोज तोंडी असून ते कळले नव्हते.

नवे नांगर नौकेवर चढले. एकेक साडेचार ग्रॅमांचा. फडताळावर ते आता फारसे उठून दिसत नाहीत, आणि कोणी मुद्दाम कौतुकही करीत नाही. तांडेलांना मात्र बोलावून दाखविले. त्यांनी आडदांड्यावर बोट फिरविले, मान हलविली, आणि चहा घेऊन गेले.

एवढ्याने माझे समाधान होईना. मी माझ्या जुन्या शाळेत गेलो आणि आठवीच्या वर्गाचा एक तास मागून घेतला. फळ्यावर नांगर या वेळी दोनदा काढला, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. लोहाराचे दोन्ही नांगर मुलांच्या हाती फिरविले, वाळूचे घंगाळ टेबलावर ठेवून प्रयोग करविला, आणि माझी चूक सर्वांसमक्ष सांगितली. मुले हसली; मीही हसलो. तास संपताना मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, आम्हांला बरोबर कळले. पण तुमच्या आधीच्या मुलांना कोण सांगणार ?"

मला उत्तर सुचले नाही. त्या तेहतीस वर्षांतील विद्यार्थी आज गावोगावी संसारात आहेत. कोणी वकील, कोणी डॉक्टर, कोणी स्वतः शिक्षक आहेत, आणि कित्येकांच्या घरी हे मासिक येत असेल. त्यांच्याकरिताच हा लेख लिहिला आहे. ज्यांच्या जुन्या वह्यांत माझा तो चपटा नांगर असेल, त्यांनी तो कृपा करून खोडावा. आणि आपल्या मुलांस शिकविताना एक पंजा पालथा पसरून दुसरा त्यावर काटकोनात उभा करून दाखवावा.